लाखांदूर ते न्यू यॉर्क : अंतर किती, वेळ किती?

समजा, भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरच्या एका घरातली मुलगी न्यू यॉर्कला शिकायला निघाली आहे. बॅगा भरून झाल्या आहेत, शेजारीपाजारी भेटून गेले आहेत आणि आजी विचारते, "कितीक दूर हाय व बाई तो न्यू यॉर्क?" मुलगी मोबाइल काढते. एक पान सांगते, नागपूर ते न्यू यॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. दुसरे पान सांगते, तेरा हजार सहाशे. वेळ विचारावी तर कुठे सोळा तास, कुठे बावीस, कुठे अठ्ठावीस. आजीचा प्रश्न साधा होता, उत्तरे मात्र पाच आली.

गंमत अशी की ही पाचही उत्तरे खरी असू शकतात. प्रत्येक उत्तर वेगळ्या गोष्टीचे मोजमाप करत असते. ती मोजमापे वेगळी कशी करायची, हे या प्रकरणात पाहू. हिशेबासाठी लाखांदूर आणि न्यू यॉर्क ही जोडी घेण्याला कारण आहे. लाखांदूरकरांचा जवळचा विमानतळ नागपूरचा, आणि तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच न्यू यॉर्कचा प्रवास १९१३ साली केला होता. १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक त्यांनी लढवली ती भंडारा मतदारसंघातूनच.

दोन महिने, पाच आठवडे, सोळा तास

मराठी माणसांच्या अमेरिका प्रवासाची सुरुवात आनंदीबाई जोशींपासून करावी लागते. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि ४ जूनला न्यू यॉर्कला उतरल्या. म्हणजे अठ्ठावन्न दिवस. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकायला निघालेले बाबासाहेब १९१३ च्या जूनमध्ये मुंबईहून बोटीत बसले आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात न्यू यॉर्कला पोहोचले. तीस वर्षांत अठ्ठावन्न दिवसांचे साधारण पाच आठवडे झाले.

विमानाने हे मोजमापच बदलले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. १९६० साली जेट विमाने आल्यावर हीच सेवा लंडनच्या पुढे न्यू यॉर्कपर्यंत वाढली. १ ऑगस्ट २००७ पासून एअर इंडियाचे विमान मुंबईहून थेट न्यू यॉर्कला, वाटेत कुठेही न उतरता जाऊ लागले. बाबासाहेबांच्या पाच आठवड्यांच्या जागी सोळा तास आले.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९६० चे बोइंग ७०७ आणि आजचे नवे विमान यांच्या वेगात जवळजवळ फरक नाही. दोन्ही ताशी ९०० किलोमीटरच्या आसपासच उडतात. त्याहून वेगवान असलेले कॉन्कर्ड १९७६ ते २००३ या काळात प्रवासी घेऊन उडाले आणि थांबले. म्हणजे गेल्या साठ वर्षांत प्रवास आखूड झाला तो वेग वाढल्यामुळे नव्हे, थांबे गळाल्यामुळे.

नकाशावरची रेघ आणि गोलावरचा दोरा

आता अंतराकडे वळू. शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा आठवा. त्यावर नागपूरपासून न्यू यॉर्कपर्यंत पट्टीने रेघ ओढली तर ती अरबस्तान, इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेवरून अटलांटिक महासागरात उतरते. या रेघेने, म्हणजे होकायंत्राची दिशा न बदलता गेले, तर अंतर सुमारे १४,६०० किलोमीटर भरते.

आता भिंतीवरचा नकाशा सोडा आणि पृथ्वीचा गोल घ्या. नागपूरवर बोटाने दोरा दाबून धरा, दुसरे टोक न्यू यॉर्कवर ठेवा आणि दोरा ताणा. तो इजिप्तकडे जाणारच नाही. तो सरळ उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला कलून निघेल. पंजाब, इस्लामाबादचा परिसर, ताजिकिस्तान, कझाकस्तान, रशिया, मग नॉर्वे-स्वीडनचा उत्तर भाग, नॉर्वेचा समुद्र, ग्रीनलँड आणि पूर्व कॅनडा करत तो न्यू यॉर्कला टेकेल. वाटेत तो ६९ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो, म्हणजे उत्तर ध्रुववृत्तही ओलांडतो. या वाटेचे अंतर भरते सुमारे १२,६०० किलोमीटर. पट्टीच्या रेघेपेक्षा तब्बल दोन हजार किलोमीटर कमी.

गोलावरच्या या सर्वांत आखूड वाटेला बृहत्‌वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या मध्यबिंदूतून जाईल असा काप घेतला की पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते ते बृहत्‌वृत्त. विषुववृत्त असे एक वर्तुळ आहे आणि रेखांशांच्या जोड्याही तशाच. भिंतीवरचा नकाशा गोल पृष्ठभाग ताणून सपाट करतो, त्यात ध्रुवांकडचा भाग फुगतो, म्हणून आखूड वाट तिथे वाकडी आणि लांब दिसते. विमानातल्या पडद्यावर आपले विमान कमानीसारखे वर चढताना दिसते तेव्हा वैमानिक वळसा घेत आहे असे वाटते. खरे तर तो वळसा वाचवत असतो.

लाखांदूरकरांसाठी एक खास उदाहरण आहे. लाखांदूर ८० अंश पूर्व रेखांशाच्या अगदी जवळ आहे. इथून नाक उत्तरेकडे करून सरळ निघाले तर वाटेत जबलपूर लागते, मग गंगेचे मैदान, मग नंदादेवीचे शिखर. पुढे तिबेट, शिनजियांग, सायबेरिया, कारा समुद्र आणि उत्तर ध्रुव. ध्रुवावर न वळता तसेच पुढे गेले की आपण १०० अंश पश्चिम रेखांशावर उतरू लागतो आणि कॅनडा ओलांडून अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या डॉज सिटी या गावाजवळ पोहोचतो. अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. अमेरिका पश्चिमेला आहे असे आपण पाठ केलेले असते, पण लाखांदूरहून अमेरिकेच्या मध्यभागी जाण्याची सर्वांत जवळची दिशा उत्तर आहे.

ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली चार महिला वैमानिकांनी एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवाच्या वाटेने बेंगळुरूला आणले. सुमारे १४ हजार किलोमीटरचा, जवळपास सतरा तासांचा तो प्रवास होता.

एक अंश म्हणजे किती?

हे अंतर काढतात कसे? दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या मध्यबिंदूशी त्यांच्यात किती अंशांचा कोन होतो ते गणिताने काढतात. नागपूर आणि न्यू यॉर्क यांच्यातला कोन ११३.३ अंश आहे. पृथ्वीचा पूर्ण वेढा ३६० अंशांचा आणि सुमारे ४०,००० किलोमीटरचा, म्हणून एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. गुणाकार केला की साडेबारा हजारांच्या वरचा आकडा येतो. वैमानिक आणि खलाशी ज्या सागरी मैलात अंतर मोजतात तो मैलही इथूनच आला. एका अंशाचे साठ भाग केले की त्यातल्या एका भागाची लांबी म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर.

एक अंश म्हणजे नेमके किती, हे शोधायला मात्र माणसांनी आयुष्ये वेचली आहेत आणि त्यातले एक आयुष्य विदर्भात संपले. कन्याकुमारीकडून उत्तरेला ७८ अंश रेखांशाच्या आसपास साखळ्या आणि कोनमापक घेऊन भारत मोजत निघालेला विल्यम लॅम्टन १८२३ च्या जानेवारीत नागपूरच्या वाटेवर असताना हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. आज मोबाइलवर बोट लावताच जे अंतर दिसते, त्याच्या मुळाशी अशी पायी केलेली मोजणी आहे.

विमान सरळ का जात नाही?

दोऱ्याची वाट ही अंतराची खालची मर्यादा. प्रत्यक्ष विमान त्याहून नेहमी थोडे जास्तच उडते.

पहिले कारण थांब्याचे. नागपूरहून न्यू यॉर्कला थेट विमान नाही. कतारमधल्या दोहामार्गे गेले तर नागपूर ते दोहा सुमारे २,८४० आणि दोहा ते न्यू यॉर्क सुमारे १०,७७० किलोमीटर, मिळून १३,६१०. मुलीला मोबाइलवर दिसलेला दुसरा आकडा हाच. थांब्यामुळे हजार किलोमीटर वाढले.

दुसरे कारण आकाशातल्या हद्दींचे. जमिनीसारखे आकाशही देशांच्या मालकीचे असते आणि त्यातून जायला परवानगी लागते. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश आपल्या विमानांना जवळजवळ बंद होते. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद झाले. रशियाचे आकाश २०२२ पासून युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद झाले. नागपूरहून निघालेला आपला ताणलेला दोरा नेमका याच दोन देशांवरून जातो. दोन देश भांडले की तिसऱ्याच गावच्या प्रवाशाचे तास वाढतात.

तिसरे कारण वादळे, विमानतळांवरची गर्दी आणि अडचण आली तर उतरायला जवळ धावपट्टी असण्याची गरज. समुद्र किंवा हिमप्रदेश ओलांडताना ही गरज फार मोठी असते.

प्रवाहाचा डोंगा

आता वेळ. वैनगंगेत डोंगा चालवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. वल्हवण्याचा जोर तोच असला तरी धारेबरोबर डोंगा झपाट्याने जातो आणि धारेविरुद्ध हात दुखून येतात. विमानाचेही तसेच आहे. ज्या उंचीवर, म्हणजे साधारण दहा-बारा किलोमीटरवर, लांब पल्ल्याची विमाने उडतात, तिथे समशीतोष्ण पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नदी वाहत असते. तिला जेट प्रवाह म्हणतात. तिचा वेग कधी ताशी शंभर-दीडशे किलोमीटर असतो, तर कधी तीनशेच्याही पुढे जातो.

विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आणि वारा १०० धरा. पूर्वेकडे जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग १,००० होतो, पश्चिमेकडे जाताना ८००. बारा हजार किलोमीटरला एकीकडे बारा तास लागतात, दुसरीकडे पंधरा. जाण्या-येण्यात वाऱ्याची फिट्टंफाट होईल असे वाटते, पण होत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्यांना मिळून सव्वीस तास चाळीस मिनिटे लागली असती, आता सत्तावीस लागले. कारण वारा विरुद्ध असतो तेव्हा आपण त्याच्यात जास्त वेळ काढतो.

वाऱ्याचे हे बळ किती असते याची दोन उदाहरणे पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचे एक विमान वादळी जेट प्रवाहावर स्वार होऊन न्यू यॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी या प्रवासाला सहा-सात तास लागतात. दुसरे उदाहरण आपल्याकडचे. एअर इंडियाचे विमान दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला अटलांटिकमार्गे जायचे, अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याने उलटी, पूर्वेकडची, पॅसिफिकवरची वाट धरली. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, तरी पाठीवर वारा मिळाल्यामुळे विमान साडेचौदा तासांत उतरले. चौदाशे किलोमीटर जास्त उडून जवळपास दोन तास वाचले. जवळची वाट आणि लवकरची वाट एकच असते हा आपला समज इथे पुरता मोडतो.

शाळेतली मुले इथे हमखास एक प्रश्न विचारतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग हेलिकॉप्टर नुसते वर उभे राहिले तर खाली अमेरिका येईपर्यंत थांबता येणार नाही का? प्रश्न चांगला आहे. उत्तर असे की पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरत असते आणि हवेत तरंगणारे यंत्र त्या हवेबरोबर फिरते. धावत्या एसटीत वर फेकलेला चेंडू आपल्याच हातात पडतो, मागच्या सीटवर नाही, तसेच हे.

घड्याळाचा हिशेब

तिकिटावरच्या वेळा वाचताना अनेकांचा गोंधळ होतो. समजा, मुंबईहून विमान रात्री दीडला सुटते आणि त्याच तारखेला सकाळी साडेसातला न्यू यॉर्कला उतरते. वाचणाऱ्याला वाटते, सहा तासांत अमेरिका. पण तिकिटावर प्रत्येक ठिकाणची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात न्यू यॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. सहामध्ये साडेदहा मिळवा, प्रवास साडेसोळा तासांचा.

येताना हा फरक वजा करायचा. न्यू यॉर्कहून दुपारी साडेबाराला निघालेले विमान दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मुंबईत उतरले, तर घड्याळात साडेचोवीस तास दिसतात. त्यातून साडेदहा वजा केले की उरतात चौदा. जाण्याच्या साडेसोळा आणि येण्याच्या चौदा तासांतला अडीच तासांचा फरक मुख्यतः त्या वाऱ्याच्या नदीचा.

घड्याळ हा माणसांनी केलेला ठराव आहे, सूर्याचा नव्हे, हे लाखांदूरलाही दिसते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची आहे. लाखांदूर त्याच्या अडीच अंशांहून थोडे अधिक पश्चिमेला आहे आणि एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. म्हणून घड्याळात बारा वाजले तरी लाखांदूरच्या डोक्यावर सूर्य सरासरीने दहा मिनिटे उशिराच येतो.

मध्यरात्रीचे नागपूर

अंतर आणि वेळ यांचे गणित नीट मांडले तर केवढे काम होते, याचा एक धडा नागपूरनेच देशाला दिला आहे. रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे, मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरला जमत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी एकमेकांत बदलत, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत जाई.

हे नागपूरलाच का जमले? अंतरे पाहा. नागपूरहून मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५५, मद्रास ९१०, कलकत्ता ९८०. त्या काळची डाकोटा विमाने ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरने जात. म्हणजे कोणत्याही शहराहून नागपूर अडीच ते चार तासांवर. जाणे, अदलाबदल आणि परतणे एका रात्रीत बसत होते. त्या विमानांच्या वेगाला देशाच्या मध्यावरचे हे शहर नेमके पुरे पडले. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात पोहोचू लागले.

उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

आता आजीच्या प्रश्नाकडे परत येऊ. मुलीचा प्रवास विमानाच्या दारात सुरू होत नाही, लाखांदूरच्या घराच्या दारात सुरू होतो. तो सगळा मांडून पाहू.

लाखांदूर ते नागपूर विमानतळ सरळ रेषेत सुमारे ९५ किलोमीटर, पण वैनगंगा ओलांडून पवनी, भिवापूर, उमरेड करत रस्त्याने हे अंतर सव्वाशेच्या घरात जाते. त्याला तीन तास धरा. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोहोचावे लागते. दोहापर्यंत सुमारे साडेचार तास. तिथे विमान बदलायला चार तास. दोहा ते न्यू यॉर्क चौदा तास. उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान आणि बाहेर पडणे यासाठी दीड तास. बेरीज तीस तास.

तीस तासांत सुमारे १३,७०० किलोमीटर, म्हणजे सरासरी वेग ताशी साडेचारशेच्या जवळ. ताशी नऊशेने उडणाऱ्या विमानाचा वेग घरच्या हिशेबात निम्म्यावर येतो, कारण तीसपैकी साडेअकरा तास आपण विमानात नसतो. त्यातही एक बाब लक्ष देण्याजोगी आहे. लाखांदूर ते नागपूर हे अंतर साऱ्या प्रवासाच्या शंभराव्या भागाहून कमी, पण त्याला लागणारा वेळ दहावा भाग. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला, रस्ता अडला, तर तीनाचे पाच तास व्हायला वेळ लागत नाही, आणि विमान मात्र कोणासाठी थांबत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कोणी दूरचे गाव किती लांब म्हणून विचारले तर चार प्रश्न स्वतःला विचारा. दोऱ्याचे अंतर किती? विमान प्रत्यक्ष कोणत्या वाटेने आणि किती थांबे घेत जाणार? वारा पाठीवर की छातीवर? आणि घराच्या उंबरठ्यापासून धावपट्टीपर्यंतचा वेळ किती? पहिल्या तिन्हींची उत्तरे भूमितीत, राजकारणात आणि हवामानात आहेत आणि ती आपल्या हाती नाहीत. चौथ्याचे उत्तर आपल्या रस्त्यांत, पुलांत आणि एसटीच्या वेळापत्रकात आहे. जेट विमानांचा वेग साठ वर्षे वाढलेला नाही आणि लगेच वाढेल असे दिसत नाही. लाखांदूरच्या मुलीचा न्यू यॉर्कचा प्रवास आणखी आखूड करायचा असेल, तर त्यातला पहिला तास वैनगंगेच्या या बाजूलाच वाचवावा लागेल.